साका

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, २९ एप्रिल २०२५ ला, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत आंबे आणायला गेलो होतो. आमच्या घरी आखितीला पितरांना आमरस-पुरीचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. त्यामुळं वर्षाची पहिली पेटी त्याच दिवशी घरात येते, आणि गेली बावीस वर्षं ती एकाच माणसाकडून येते. सगळी मंडई त्यांना बागवानमामा म्हणते, मीही म्हणतो. गवतातून आंबा काढायचा, देठाकडून एकदा हुंगायचा, अंगठ्यानं किंचित दाबायचा आणि पेटीत रांग लावायची, "मास्तर, ही वळ उद्याला, ही परवाला, आणि ही चार दिसांनी काढायची," हे त्यांचं दरवर्षीचं. मी टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. भावावरून आमची दरवर्षी घासाघीस होते, पाच-दहा मिनिटं तरी जातात त्यात. आंब्यापलीकडं आमचं बोलणं असं कधी गेलंच नव्हतं. त्या दिवशी पेटीला सुतळी बांधता बांधता, मान खाली घालूनच, मामा हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, माझा भाचा फौजेत हाय. पठाणकोटकडं." मी काही विचारलं नव्हतं. पहलगामला आठवडा झाला होता. बाहेर रस्त्यावर शिवजयंतीच्या पताका होत्या आणि त्यांच्या मधोमध हल्ल्याच्या निषेधाचा मोठा फलक होता. मी म्हणालो, "हो का? छान, छान." त्या दिवशी भाव केला नाही. मागितले तेवढे पैसे मोजले, पेटी उचलली आणि निघालो. महाद्वार रोडला लागेपर्यंत माझ्या ध्यानात आलं की मला हलकं वाटतंय. कुठलीतरी गाठ सुटल्यासारखं.

ते हलकं वाटणंच तेव्हापासून खुपतंय.

दुसऱ्या दिवशी सौ.ने रसाला आंबे घेतले. घरभर वास सुटला होता, पुऱ्यांची कढई तापत होती. चार आंबे चांगले निघाले आणि पाचवा कापला तर आत साका. आंबा खाणाऱ्याला हे दुःख सांगायला नको. वरून रंग असा की फोटो काढावा, देठाला वास, आणि सुरी घातली की कोयीलगतचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून तो ओळखता येत नाही, बागवानालाही नाही. पुढं आणखी एक तसाच निघाला. "जावा की परत घेऊन," सौ. म्हणाली, "एरवी जाताच की." खरं होतं. एरवी मी गेलोच असतो. एका नासक्या आंब्यासाठी अर्धा तास भांडून दोन घेऊन आलेला माणूस आहे मी. या वेळी म्हणालो, "राहू दे. आत्ता नको." ती माझ्याकडं बघत राहिली. "आत्ता नको म्हणजे?" मला सांगता आलं नाही. दोन फोडी तशाच बाजूला पडल्या, त्यांवर चिलटं बसली आणि संध्याकाळी त्या कचऱ्यात गेल्या.

तो आठवडा कसा होता ते ज्याचं त्याला आठवत असेल. बैसरनच्या कुरणात २२ एप्रिलला २६ माणसं गेली. त्यांत आपल्या डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसं होती आणि बंदुकीला हात घालायला गेलेला तिथला एक घोडेवाला होता. नाव विचारून, धर्म विचारून, बायकापोरांच्या देखत मारलं. पहिले दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मला बदला हवा होता, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांनी हे केलं आणि ज्यांनी करवलं त्यांना त्याची किंमत मोजावी लागलीच पाहिजे असं तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. ७ मेला सकाळी उठून टीव्ही लावला आणि रात्रीत नऊ ठिकाणी हल्ले झाल्याचं कळलं, तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकटाच होतो, तरी वाजवल्या. पण रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणारे आमचे पाच-सहा जण आहेत, सगळे पेन्शनर, त्यांतला एकजण पहलगामनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणाला होता, "इथून पुढं मंडईत काय बी घ्यायचं तर आधी नाव विचारायचं." कुणी हसलं नाही, कुणी विरोध केला नाही. मीही नाही. तलावावर वारा होता, पाण्याचा तो ओला हिरवा वास होता, आणि आम्ही पदपथाच्या वळणापर्यंत न बोलता चालत गेलो. ७ मेच्या सकाळी परराष्ट्र सचिवांनी पत्रकारांसमोर जे निवेदन वाचलं, त्यात एक मुद्दा होता: पहलगामला ज्या रीतीनं मारलं त्यामागं देशात धर्माधर्मांत तेढ लावायचा हेतू होता. ते ऐकताना मला रंकाळ्याचं ते वळण आठवलं. तिकडं कुरणात नाव विचारलं गेलं, आणि तीन दिवसांत माझ्या शेजारून चालणारा भला माणूस मंडईत नाव विचारायची भाषा करू लागला होता.

मी १९६५ साली आठ वर्षांचा होतो. त्या लढाईचं मला आठवतं ते रेडिओवरून आणि चुलीवरून. तालमीच्या कट्ट्यावर रेडिओ लावलेला असायचा आणि बातम्यांच्या वेळी रस्ता भरायचा. सायकलवाले एक पाय खाली टेकून थांबायचे. शास्त्रीजींचा आवाज बारीक होता, त्यांची उंचीही सगळ्यांच्या चर्चेचा विषय. पंतप्रधान होऊन त्यांना सव्वा वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, आणि पलीकडच्यांनी तोच हिशोब धरला होता की हा माणूस काय करणार. बाकीचा इतिहास मी पुढं वाचून समजून घेतला. त्या ऑगस्टमध्ये हत्यारबंद घुसखोर साध्या वेशात काश्मीरमध्ये उतरवले गेले. त्या सगळ्या बेताचा पाया एकच होता, की तिथली जनता त्यांच्या बाजूनं उठेल. झालं उलटंच. ५ ऑगस्टला गुलमर्गच्या खालच्या अंगाला मोहम्मद दीन नावाच्या एका गुज्जर गुराख्याला काही अनोळखी लोकांनी पैसे देऊ करून माहिती विचारली. तो तडक तंगमर्गच्या पोलिसांकडं गेला. फौजेला घुसखोरीचा सुगावा लागला त्यातली ही पहिली खबर. म्हणजे लढाईचा पहिला डाव दिल्लीत कुणी काही ठरवायच्या आधीच एका गुराख्यानं उलटवला होता.

१ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे आले आणि अखनूरचा रस्ता तुटायची वेळ आली. त्या संध्याकाळी विमानं पाठवायची परवानगी संरक्षणमंत्र्यांनी दिली. ते यशवंतराव, आमच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. आमचे वडील हे सांगताना नकळत ताठ बसायचे. आणि मग ६ सप्टेंबर. शत्रूनं जिथं दाबलंय तिथंच रेटत बसायचं नाही, पंजाबातून आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं फौज न्यायची. भारत ही रेघ ओलांडणार नाही, हे पलीकडं गृहीत धरलेलं होतं. लढाईतल्या नेत्याचं मोठेपण मला तिथं दिसतं. शत्रूनं आपल्याकडून जे अपेक्षिलंय ते न करणं. चीड आली म्हणून नव्हे आणि भीती वाटली म्हणूनही नव्हे, तर त्याचं गणित कशावर उभं आहे ते ओळखून तेवढंच काढून घेणं. लढाई थांबल्यावर दिल्लीला रामलीला मैदानावर शास्त्रीजींनी जे भाषण केलं त्याचाही मला तोच अर्थ लागतो. परदेशातल्या बातमीत म्हटलं होतं की ते हिंदू आहेत म्हणून लढाईला तयार झाले. त्यावर त्यांनी सभेकडंच बोट दाखवलं: मी हिंदू आहे हे खरं, पण या सभेचे अध्यक्ष मुसलमान आहेत आणि आत्ता बोलून गेले ते ख्रिस्ती. बाहेर एवढी मोठी लढाई करून आल्यावर या माणसाला घरातली भिंत सांभाळायचं भान होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो.

कारण माझी वही मी मागं जाऊन वाचली तर त्यात एक यादी तयार झाली होती. मोहम्मद दीन. असल उत्तरला रणगाड्यांपुढं उभा राहिलेला अब्दुल हमीद. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, पण तो वेढा फोडायला नेतोजींबरोबर बाहेरून धडक देणाऱ्यांत सिद्दी हिलालही होता. २६/११ च्या मेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारणारे मुंबईतले मुसलमान. ७ मेच्या सकाळी निवेदन करायला आलेल्या कर्नल सोफिया कुरेशी. सगळं खरं आहे, सगळ्याचा मला अभिमान आहे. पण मी ती यादी कशासाठी करत होतो? रंकाळ्यावरच्या मित्राला दाखवायला. बघ, हे लोक आपलेच आहेत, हे पुरावे. माझ्याकडं कुणी असा पुरावा कधी मागितलेला नाही. माझ्या घराण्यात कुणी फौजेत गेलं नाही, चुलत्यानं एकदा भरतीतून पळ काढला होता, तरी मंडईत मला कुणी विचारत नाही की मास्तर, तुमच्याकडचा कोण आहे सीमेवर? मामांनी एक पुरावा दिला आणि मी तो पसंत करून खिशात घातला, असं माझ्या "छान, छान"चं खरं रूप होतं. आणि वहीत मी त्यांच्या वतीनं आणखी पुरावे जमवत बसलो होतो.

फौजेतल्या पोरांशी माझा संबंध टपालातून आला. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीच्या बाजूला एका गावात मी होतो, कारगिलच्या साली. त्या भागात घरटी फौजी. एसटीनं डाकेची पिशवी अकराच्या सुमाराला यायची, पण बायका दहापासूनच पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायच्या. पिशवीची लाख फोडायचा आवाज झाला की बोलणं थांबायचं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या गावाचा पत्ता नसे, नंबर, हुद्दा, पलटण आणि खाली ५६ एपीओ. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "हे छप्पन कुठं आलं?" सगळ्या फौजेचा पत्ता असाच असतो, ते कुठं आहे ते टपालवाल्यालाही कळत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमी पोचवता कसं?" पत्रं मीच वाचून दाखवायचो. त्यात लढाई नसे. म्हैस व्याली का, पेरणी झाली का, धाकटीच्या स्थळाचं काय झालं. पत्र यायला आठ-दहा दिवस लागत, म्हणजे हातात असायचा तो आठ-दहा दिवसांपूर्वी खुशाल असलेला पोरगा. हे त्या बायकांना न शिकता कळत होतं. पत्र वाचून झालं की त्या पहिली चौकशी तारखेची करायच्या. संध्याकाळी गावात घोषणा व्हायच्या, पुतळा जाळला जायचा, पोरं गुलाल उधळून यायची. पायरीवरच्या बायका त्यात नसत. त्यांच्यातली कुणी मला "मारा, ठोका" म्हणाल्याचं आठवत नाही. नको म्हणाल्याचंही आठवत नाही. त्या मोजत बसलेल्या असायच्या.

८ मेच्या रात्री टीव्हीवर हे सगळं परत आठवलं. वाहिन्यांनी त्या रात्री कराचीचं बंदर उद्ध्वस्त करून टाकलं होतं, सकाळी त्यातलं काही खरं नव्हतं. पण जम्मू, पठाणकोट, उधमपूरकडं ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येत होती, तेवढं खरं होतं. पठाणकोट शब्द कानावर पडला आणि मी ताडकन सरळ बसलो. मामांचा भाचा. त्याच्या आईच्या घरी आत्ता कोण जागं असेल? फोन करावा म्हणून मोबाइल हातात घेतला आणि लक्षात आलं, बावीस वर्षांत मी त्यांचा नंबर घेतलेला नाही. पूर्ण नावसुद्धा मला माहीत नाही. भाच्याचं नाव मी विचारलेलं नाही. पायरीवरच्या बायकांना मी वीस वेळा विचारायचो, पत्र आलं का, बरा आहे का, जेवण मिळतंय का. आणि त्या दिवशी एका मामानं सांगितलं, भाचा पठाणकोटला आहे, लढाईची चिन्हं दिसत असताना, आणि मी, आयुष्यभर फौजींची पत्रं वाटलेला माणूस, म्हणालो छान.

जून-जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारी हजारो पोरं दरवर्षी आमच्या गावावरून जातात. मीही तरुणपणी दोनदा गेलो आहे. मसाईचं पठार, गुडघाभर चिखल, जळवा, धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. १६६० च्या त्या आषाढात महाराज चार महिन्यांच्या वेढ्यातून सुमारे ६०० माणसं घेऊन निघाले. शरण येतो असा निरोप पाठवून आधी पहारा ढिला पाडला, मग पावसाची रात्र धरली. पुढं पन्हाळा आदिलशाहीला देऊनही टाकला आणि तो परत घेतला १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदानं साठ मावळ्यांनिशी. मध्ये १६६६ ला एक प्रयत्न फसला, तरी तेरा वर्षं धीर सोडला नाही. एवढा मोठा घाव उरात घेऊन इतकी वर्षं धीर धरणं, वेळ आपण ठरवणं, ठिकाण आपण ठरवणं, हे ज्या मातीत घडलं त्याच मातीत २०२४ च्या १४ जुलैला काय झालं ते लिहिताना माझा हात जड होतो. प्रश्न विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा होता. घरं फुटली ती गडाखाली, गजापुरात. मशीद फुटली, गाड्या फुटल्या, भांडीकुंडी रस्त्यावर आली. ज्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो तिचं जुनं नाव गजापूरची घोडखिंड. १३ जुलैला बांदलांची माणसं तिथं पडली म्हणून ती पावन झाली, आणि दुसऱ्याच दिवशीच्या तारखेला आपण तिथं हे केलं. त्याच्या आदल्या वर्षी, ७ जून २०२३ ला, मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दगड उडाले, दुकानं फुटली, इंटरनेट बंद झालं. त्या दिवशीही मी घरातच होतो. खिडकी लावून घेतली होती.

हे सगळं इतकं सरळ नाही हेही मला ठाऊक आहे. मे महिन्यातच पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गांधीनगरला गेलो होतो. दुकानाच्या गादीवर एक म्हातारे सिंधी शेठ बसलेले. माझ्या डोक्यात हेच चाललेलं, मी त्यांच्याशी बोलायला लागलो, की लढाई लढाईच्या जागी, पण इथं आपल्यात वैर नको. त्यांनी साडीची घडी घालता घालता ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "काका, ज्यांनी शेजाऱ्यावर विश्वास ठेवला त्यांचीच घरं आधी गेली. आमचे वडील सांगायचे." मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. त्यांच्या वडिलांचं दुःख खरं आहे आणि मी त्यावर चार वाक्यं टाकून ते पुसू शकत नाही. पण दुकानातून बाहेर पडल्यावर मी बराच वेळ त्या बाजारात उभा राहिलो. याच जागेवर दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याची छावणी होती. १९४३ पासून पाचएक हजार पोलिश माणसं, बहुतेक बाया आणि पोरं, इथं राहिली. आमचे आजोबा त्या छावणीत भाजी पोचवायचे. गोऱ्या बायका भेंडी हातात धरून हसायच्या, हे काय म्हणून, एवढं ते सांगायचे. ती माणसं १९४८ पर्यंत गेली आणि त्याच बराकींत फाळणीनं घर तुटलेले सिंधी आले. दोन्ही वेळा आलेले लोक अनोळखी, भाषा न कळणारे, आणि दोन्ही वेळा कोल्हापूरनं त्यांना ठेवून घेतलं. शेठना हे सांगायला परत आत जावं असं वाटलं, पण गेलो नाही. त्यांनाच ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

समाजानं दहशतवादापुढं कसं वागावं यावर टीव्हीवर रोज रात्री आरडाओरडा चालतो. मला त्यातलं एवढंच कळतं की फौज सीमेवरचं बघेल, विमानं पाठवायची की नाही ते दिल्ली ठरवेल, २००८ मध्ये एक ठरवलं, २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये दुसरं ठरवलं, त्यावर माझीही मतं आहेत. पण त्या गुराख्यासारखा माणूस चौकीपर्यंत जातो की नाही, हे दिल्लीच्या हातात नाही. त्याला काहीतरी वेगळं दिसलं, तर ते सांगायला तो कुणाकडं जाईल? ज्या गावात त्यालाच आधी नाव विचारतात तिथल्या चौकीत तो कशाला जाईल? चौकीत पाऊल टाकताना आपल्याकडंच संशयानं बघतील हे भय त्याला असेल तर तो गुरं घेऊन गुपचूप घरी जाईल. तुकाराम ओंबळे हातात काठी घेऊन कसाबच्या बंदुकीला भिडले, म्हणून तो जिवंत सापडला, त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि चार वर्षांनी येरवड्यात फाशी झाली. तिथंही कुणाला तरी चिडून त्याला जागेवर संपवता आलं असतं. संपवलं नाही म्हणून सगळा कट जगासमोर आला.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा आमची आज्जी आठवते. १९६५ मध्येच शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, धान्य वाचावं म्हणून. आज्जीचा मुळात सोमवारचा उपास, दिवसभर कडकडीत आणि दिवेलागणीला भात-आमटी खाऊन सोडायचा. तिची पंचाईत झाली. शेवटी म्हणाली, "मी महादेवाला सांगितलंय, दिवस फिरंस्तवर दूध पिऊन सोडते म्हणून." त्या संध्याकाळी गल्लीतल्या चुली बंद असायच्या आणि धुराचा वास नसलेली ती गल्ली मला परकी वाटायची. आमच्या शेजारी एक मुसलमान पिंजारी राहायचा. पहिल्याच सोमवारी त्याची बायको उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "आज्जी, आमची बी चूल बंद हाय हां आज." तेव्हा कळलं नाही, आता वाटतं की ती हे सांगायला मुद्दाम आली असणार. आज्जी काय म्हणाली असेल? शाबास म्हणाली नाही. छान म्हणाली नाही. ती खेकसली. "आणि पोरं काय खाणार गं? उपास मोठ्यांनी करायचा. धाड त्यास्नी हिकडं." त्या रात्री पिंजाऱ्याची तिन्ही पोरं आणि आम्ही चौघं एका ओळीत बसून ताक-भाकरी जेवलो.

त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला. तिसऱ्या आठवड्यात तर असा की मृग संपून गेल्यासारखं वाटावं. तसल्या पावसात मी मंडईत गेलो. ताडपत्रीवरून पाण्याच्या धारा, खाली गवत भिजलेलं, आंब्यांचा हंगाम आवरत आलेला. मामा पोत्यानं पेट्या झाकत होते.

"मामा, आखितीच्या पेटीत दोन साका निघाले."

"कवाच्या?"

"आखितीच्या. आणि देवगड म्हणून दिलात, त्यात चार तरी कर्नाटकी होते."

त्यांचे हात थांबले. "महिना होत आला मास्तर, आत्ता सांगताय? आणि कर्नाटकी? मी? बावीस वर्सांत कवा दिला का कर्नाटकी?" आवाज चढला, शेजारचा लिंबूवाला वळून बघायला लागला. "साका आतनं असतुय. मी काय आत शिरून बघू?" मी म्हणालो ते मला सांगू नका, पैसे पूर्ण मोजलेत. तेही सोडेनात, मीही सोडेना. शेवटी त्यांनी दोन आंबे काढून माझ्या पिशवीत जवळजवळ आपटलेच. "घ्या. पण कर्नाटकी म्हणू नगा."

मग मी विचारलं, "भाचा कसा आहे?"

ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "बरा हाय. रजेवर यायचा हुता, रजा गेली." पोतं नीट करत म्हणाले, "तवाच तुमास्नी विचारणार हुतो. भनीनं त्येच्यासाठी सामान काढून ठेवलंय. पार्सल कसं धाडायचं, पत्ता कसा घालायचा, तुमी पोस्टातलं म्हणून. तुमी गडबडीत हुता."

मी पिशवी खाली ठेवली.

"आंबे धाडू नका," मी म्हणालो, "वाटेत कुजतील. आंबापोळी जाईल. लोणचं असेल तर डब्याचं तोंड मेणानं बंद करा. वर पांढरं कापड शिवून घ्या आणि पत्ता कापडावर शाईनं घालायचा, कागद चिकटवायचा नाही, पावसानं जातो. नंबर आहे का त्याचा?"

मामांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी काढली. मी चष्मा पुसला आणि आंब्याच्या पेटीच्या रिकाम्या फळीवर, पावसाकडं पाठ करून, पत्ता कसा लिहायचा ते लिहायला घेतलं. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. नाव वाचायला मला जरा वेळ लागला, अक्षर त्यांच्या बहिणीचं होतं. खाली पलटण, आणि त्याच्या खाली, मार्फत ५६ एपीओ.

"हे छप्पन कुठं आलं?" मामांनी विचारलं.